भाकरी टाकू का?

बुधवार, रात्री जेवणानंतर

आज ऐरोलीहून घरी येईपर्यंत फोनला हात लागला नाही. माझा निग्रह वगैरे काही नाही, फोन वाजलाच नाही. गाडीत फोन घेऊ नका हे सगळे ड्रायव्हरला सांगतात, फोन करणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, आणि मला आता वाटतं खरी मेहनत तिथेच घ्यायला हवी.

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी येणारे फोन म्हणजे काय, तर "कुठवर आलास?" मेट्रोचं काम, खड्डे, कंटेनर, त्यामुळे माजिवड्याहून कासारवडवलीला यायला किती वेळ लागेल ते कोणीच सांगू शकत नाही, मग घरचे विचारणारच. आईला भाकरी तव्यावरची ताटात द्यायची असते म्हणून ती विचारायची, टाकू का? आणि आमचे मॅनेजर मी गाडीत असतो हे माहीत असूनच त्या वेळेला करायचे, "ट्रॅफिकमध्येच असशील ना, दोन मिनिटं बोलू." ट्रॅफिक म्हणजे रिकामा वेळ हा समज कोणी पसरवला देव जाणे.

हँड्सफ्री आहे की, असं म्हणतात. माझ्या गाडीत ऑफिसची एक मैत्रीण असते, आम्ही मुलुंडपर्यंत अखंड बडबडत येतो, पण एक्सप्रेस हायवेला एखादा टेम्पो आडवा घुसला की ती आपोआप गप्प होते, कधी माझ्याआधी तिलाच दिसतो. फोनवरच्या माणसाला टेम्पो दिसत नाही, तो आपला मार्च एंडिंगचं बोलतच राहतो आणि आपण हो हो करत राहतो. हात स्टीअरिंगवर, डोकं एक्सेलमध्ये.

जाममधलं तर अजून वाईट. तीन हात नाक्याला सिग्नल लाल, बाजूच्या गाडीत बघावं तर मान खाली, अंगठा चालू, हिरवा झाला की मागून हॉर्न, मग फोन मांडीवर टाकून गाडी सुटते. पण डोकं सुटत नाही ना लगेच. अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या टीमने २०१५ मध्ये दाखवलं होतं की गाडीला किंवा फोनला नुसत्या बोलून सूचना दिल्या तरी त्यानंतर २७ सेकंदांपर्यंत लक्ष पूर्ण परत आलेलं नसतं. ४० च्या स्पीडने २७ सेकंद म्हणजे ३०० मीटर. तेवढ्यात मध्ये एखादा रस्ता ओलांडणारा, एखादी उलट्या दिशेने येणारी रिक्षा, आपल्याकडे काहीही असू शकतं.

कायदा आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात फोन धरून गाडी चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, पहिल्यांदा पकडलं तर ५,००० पर्यंत दंड किंवा तुरुंगसुद्धा. २०२० पासून रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला परवानगी आहे, तीही लक्ष विचलित न होता. डिलिव्हरीवाल्या पोरांचं मात्र मला कळत नाही, त्यांची ऑर्डरच फोनवर येते, त्यांना एकट्यांना काय बोलणार.

माझ्या आयफोनमध्ये ड्रायव्हिंग फोकस आहे, गाडीचं ब्लूटूथ लागलं की आपोआप चालू होतो. मेसेज अडवतो, पण ब्लूटूथवर कॉल येतातच. समोरच्याला "गाडी चालवतोय" असं उत्तर जातं खरं, पण ते साध्या मेसेजवर, आणि आमच्या घरात साधा मेसेज फक्त बँक पाठवते. आईचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणजे ज्यांना थांबवायचं त्यांच्यापर्यंत ते पोचतच नाही.

मग माणसांनाच सांगितलं. मॅनेजरना सरळ म्हटलं, सहा ते आठ मी नाही, मेल टाका. जरा हिरमुसले, पण आता टाकतात. घरी निघताना व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवतो, १५ मिनिटं, १ तास नाहीतर ८ तास असे तीनच पर्याय, घोडबंदरला तासाचा भरवसा कोण धरणार, सरळ आठ. आईला ठिपका बघायला शिकवणं हे वेगळंच प्रकरण होतं, पहिले काही दिवस ती "अरे तू खाडीत का उभा आहेस" असं विचारायला फोन करायची. आता पातलीपाडा गेला की तवा चढतो.

आणि ती आता माझ्यापेक्षा कडक झालीये. आज जेवताना सांगत होती, कळव्याच्या मामाला फोन लावला तर मागे हॉर्नचा आवाज. मामा हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणाऱ्यातला. तिने विचारलं गाडीवर आहेस का, तो म्हणाला हो, बोल ना ताई. "मग उचललास कशाला?" म्हणून हिने ठेवून दिला. घाबरून त्याने विटाव्याला गाडी बाजूला लावून परत फोन केला, काय झालं, कोणाला बरं नाही का? तर हिला लोणच्याच्या बरण्या परत हव्या होत्या.