तुम्ही विचारलंत म्हणून : वीस हजार आणि ग्रोथ शेअर

‘कॉलेजात आहे, वीस हजार साठलेत, ग्रोथ शेअर कोणते घेऊ?’ हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि त्यांच्यानंतर त्यांचे आईवडील. ग्रोथ शेअर म्हणजे विक्री आणि नफा झपाट्याने वाढेल अशी अपेक्षा असलेल्या कंपनीचा शेअर. मी नाव सांगत नाही म्हणून काही जण नाराज होतात. कुणाला वाटतं मी माहिती दडवतोय, कुणाला वाटतं मला पोरांचा उत्साह मोडायचाय. दोन्ही खरं नाही. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी नसताना शेअरची शिफारस करणं मला पटत नाही, हे एक झालं. दुसरं असं की प्रश्नच अर्धा असतो. कंपनी कोणती हे विचारतात, कोणत्या भावाला हे कुणी विचारत नाही. आणि ग्रोथ शेअरचं सगळं गणित त्या न विचारलेल्या अर्ध्यात आहे.

कागद घ्या. एका कंपनीचा प्रतिशेअर नफा १० रुपये आहे आणि बाजार तिला ८० चा पीई देतोय, म्हणजे प्रतिशेअर नफ्याच्या ८० पट मोजतोय. भाव झाला ८००. नफा दरवर्षी २५ टक्क्यांनी वाढला तर तीन वर्षांनी तो साडेएकोणीस रुपये होईल, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तोवर बाजाराचा उत्साह ओसरून पीई ४० वर आला, तर भाव होतो ७८१. कंपनीने दिलेला शब्द पाळला, तुमचा अंदाजही बरोबर ठरला, आणि तीन वर्षांनी तुम्ही होतात तिथून थोडे खालीच. ४० चा पीई म्हणजे काही स्वस्त नव्हे. तोही उद्या २५ होऊ शकतो.

हे सांगितलं की उत्तर येतं, ‘पण चांगली कंपनी असली की शेवटी भाव येतोच.’ म्हणून पेटीएमचं उदाहरण जरा सविस्तर मांडतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्या मूळ कंपनीचा, वन नाइन्टी सेव्हन कम्युनिकेशन्सचा, १८,३०० कोटींचा आयपीओ, म्हणजे लोकांना पहिल्यांदा केलेली शेअरविक्री, आला. तोवरचा देशातला सर्वांत मोठा. भाव २,१५०. लॉट, म्हणजे एका अर्जात कमीत कमी घ्यावा लागणारा गठ्ठा, ६ शेअरचा. एकूण १२,९०० रुपये. ही रक्कम नीट पाहा. वीस हजार साठवलेल्या मुलाची निम्म्याहून जास्त पुंजी एकाच अर्जात जाते. १८ नोव्हेंबरला लिस्टिंग झालं, म्हणजे बाजारात खरेदी-विक्री सुरू झाली, शेअर १,९५० ला उघडला आणि १,५६० च्या आसपास बंद झाला. एका दिवसात लॉटची किंमत साधारण ९,३६० झाली.

इथे बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट येते : आणखी घेऊ, सरासरी खाली येईल. आकडे लावून बघा. त्या भावाला आणखी ६ घेतले तर सरासरी १,८५५ होते, पण अडकलेली रक्कम २२,२६०. म्हणजे सगळी पुंजी आणि वर दोन हजार उसने, एका नावावर. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तोच शेअर ५०० च्या खाली होता.

आता मुद्द्याचं. या काळात कंपनीची वाढ थांबली होती का? मुळीच नाही. मार्च २०२१ अखेरच्या वर्षात तिची विक्री २,८०२ कोटी होती, मार्च २०२४ अखेरच्या वर्षात ९,९७८ कोटी. तीन वर्षांत साडेतीन पट. वाढीच्या बाबतीत आयपीओचा अर्ज भरणारा बरोबरच ठरला, तरी मार्च २०२४ च्या अखेरीस शेअर ४०० च्या आसपास होता. २,१५० या भावाला कंपनीचं बाजारमूल्य १ लाख ३९ हजार कोटी होत होतं, म्हणजे तेव्हाच्या वर्षभराच्या विक्रीच्या जवळपास ५० पट, आणि तेही १,७०१ कोटींचा तोटा असताना. विक्री पाच पट झाली असती आणि भाव जागचा हलला नसता, तरीही तो विक्रीच्या १० पट, म्हणजे महागच ठरला असता. ही भागाकाराची दोन मिनिटं आहेत, आणि दोन्ही आकडे माहितीपत्रकात छापलेले होते.

‘मी स्टॉपलॉस लावतो,’ म्हणजे भाव ठरवलेल्या पातळीखाली गेला की विक्रीची ऑर्डर आपोआप जाईल, असं म्हणणाऱ्यांसाठी याच शेअरचा पुढचा भाग. ३१ जानेवारी २०२४ ला बाजार बंद झाल्यावर रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. त्या दिवशीचा बंद भाव ७६१. दुसऱ्या दिवशी शेअर थेट २० टक्के खाली, ६०९ ला लोअर सर्किटवर, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जिथवर पडू दिला जातो त्या मर्यादेवर. तिसऱ्या दिवशी पुन्हा २० टक्के, ४८७. मग सर्किटची मर्यादा १० टक्क्यांवर आणली आणि तेही लागलं. ७०० ला स्टॉपलॉस लावला असता तर तो सुरू झाला असता, पण ऑर्डर रांगेत पडून राहिली असती, कारण त्या भावाला घेणारे जवळजवळ नव्हतेच. स्टॉपलॉस चालायला समोर गिऱ्हाईक लागतं. त्याच वर्षाच्या अखेरीस शेअर पुन्हा हजाराच्या आसपास आला, हेही सांगायला हवं. ४०० ला घेणाऱ्याचे पैसे दुपटीहून वाढले, २,१५० ला घेणारा तेव्हाही अर्ध्यावरच होता. कंपनी एकच, वाढ एकच.

आता वीस हजारांचा व्यवहार. आपल्याकडे शेअरचा तुकडा मिळत नाही, अख्खा एक घ्यावा लागतो. सहा हजारांचा शेअर घेतला की ३० टक्के पुंजी तिथे गेली. मला पाच कंपन्या, प्रत्येकी चार हजारांच्या आसपास, हे प्रमाण झेपण्यासारखं वाटतं. पंधरा कंपन्यांचे निकाल परीक्षा सांभाळून कुणी वाचत नाही. डीमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, बीएसडीए या छोट्या गुंतवणूकदारांसाठीच्या प्रकारचं ठेवा. स्वतःच्या नावावर एकच खातं असेल आणि त्यातली किंमत ४ लाखांपर्यंत असेल, तर वार्षिक शुल्क लागत नाही. घेताना आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, जातो. दुखतं ते विक्रीचं डीपी शुल्क, म्हणजे डीमॅटमधून शेअर बाहेर काढण्याचं : शेअर कितीही विका, कंपनीमागे दर दिवशी साधारण १५ ते २० रुपये. चार हजारांच्या विक्रीवर ते जाणवत नाही, पाचशेच्या विक्रीवर तीन-चार टक्के होतात. थोडे थोडे करून तीन दिवस विकले की तीनदा.

ऑर्डर टाकताना ‘डिलिव्हरी’च निवडलंय ना, ते बघा. इंट्राडेत, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायच्या प्रकारात, राहिलं तर साडेतीनच्या आधी ब्रोकर आपोआप सौदा कापतो. एमटीएफच्या खुणेला हात लावू नका. ते ब्रोकरचं कर्ज आहे आणि व्याज रोजचं चढतं. छोट्या कंपनीत मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) टाकू नका, लिमिट (तुम्ही ठरवलेल्या भावाला) टाका. विकणारे विरळ असतात आणि एकाच ऑर्डरमध्ये तुम्ही दोन-तीन टक्के वरचा भाव मोजून बसता.

कंपनी वाचायची कशी, तर सुरुवात नफ्यापासून करू नका. वार्षिक अहवालातून पाच वर्षांचा निव्वळ नफा बेरजेला घ्या, शेजारी पाच वर्षांत व्यवसायातून आलेली रोख मांडा. नफा १०० कोटी आणि रोख ३० कोटी असेल, तर माल उधारीवर जातोय किंवा गोदामात पडून आहे. वेगाने वाढणाऱ्या कंपनीत काही काळ असं होऊ शकतं, पण दरवर्षी येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढत असतील तर मी पुढचं पान उलटत नाही. बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांना ही कसोटी लागू नाही. मग भागधारणा, म्हणजे कुणाकडे किती शेअर आहेत ते, पाहा. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत ती जाहीर होते, आणि प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, किती शेअर गहाण ठेवलेत ते त्यात दिसतं.

कराची भीती अनेकांना उगाच असते. बारा महिन्यांच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के, त्यानंतर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. दुसरं उत्पन्न नसलेल्या, भारतात राहणाऱ्या विद्यार्थ्याचा नफा मूळ करमुक्त मर्यादेतच सामावतो. तोटा झाला असेल तर मात्र मुदतीत विवरणपत्र भरा. तरच तो आठ वर्षं पुढे ओढता येतो. मुलगा अठराच्या आतला असेल, तर नफा सहसा आईवडिलांच्या उत्पन्नात धरला जातो.

पूर्वी मी सरसकट सांगायचो, इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या फंडात, दरमहा पाचशेची एसआयपी लावा आणि अभ्यासाला लागा. तो सल्ला मी मागे घेतलेला नाही. पण वीस हजारांवर वर्षाला तीन टक्के जास्त मिळाले काय किंवा कमी मिळाले काय, फरक सहाशे रुपयांचा. या रकमेत परतावा हा विषयच नाही; विषय आहे ताळेबंद वाचायची सवय. यावर माझंच जुनं मत मला सांगतं, मग शेअर न घेता वाचा की! तेही बरोबर वाटतं. पण स्वतःचे चार हजार गुंतल्याशिवाय तिमाही निकाल उघडून बघणारा विद्यार्थी फार विरळा, आणि एकदा चार हजार गुंतले की तोच विद्यार्थी निकालाऐवजी दिवसातून दहा वेळा भाव बघतो. यातून मला अजून वाट सापडलेली नाही. फीचे पैसे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता यात येता कामा नये, याबद्दल मात्र मनात शंका नाही.

शेवटचा प्रश्न नेहमी विकायचं कधी, हाच असतो. घेताना कारण दोन ओळींत लिहून ठेवा : ‘नवा कारखाना सुरू होईल, विक्री दोन वर्षांत दीडपट होईल.’ ते कारण खोटं ठरलं की विका, मग भाव वर असो वा खाली. यावर एका मुलीने आक्षेप घेतला होता : निकाल यायला तिमाहीनंतर ४५ दिवसांपर्यंत, वर्षाच्या शेवटच्या तिमाहीला तर ६० दिवसांपर्यंत लागतात, मोठ्या गुंतवणूकदारांना कुणकुण आधी लागते, म्हणजे कारण खोटं ठरल्याचं मला कळेपर्यंत भाव पडलेला असणार. तिचा आक्षेप रास्त आहे. मी तिला म्हटलं, म्हणूनच घेतानाचा भाव कमी हवा. तिचं त्यावर समाधान झालं नाही, आणि माझंही पुरतं झालेलं नाही.