गॅडोलिनियम: पहाटे चुंबक, दुपारी नाही

काकांच्या एमआरआयला कॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट यावा म्हणून टोचतात ते औषध) द्यायचं होतं, त्या फॉर्मवर गॅडोलिनियम हे नाव वाचलं आणि तेव्हापासून मी या धातूच्या मागेच लागलोय. रेअर अर्थ (एकमेकांशी मिळत्याजुळत्या १७ धातूंचा गट) म्हटलं की सगळे जोरदार चुंबकांसाठी वापरल्या जाणाऱ्या निओडिमियमचं कौतुक करतात, पण माझ्या मते खरा अतरंगी मेंबर हाच.

अणुक्रमांक ६४, चांदीसारखा दिसतो, १८८० मध्ये मारिन्याक या स्विस रसायनशास्त्रज्ञाला सापडला, हे ठीक. खरी गंमत अशी की लोखंडाचं चुंबकपण जायला ७७० अंश लागतात आणि याचं साधारण २० अंशालाच जातं! म्हणजे जानेवारीत पुण्यात पाषाणला पहाटे पारा दहाच्या आसपास असताना तुकडा लोहचुंबकाला खटकन चिकटेल, आणि दुपारी ३० अंशात ओढ इतकी कमी की साधं चुंबक लावलं तर गळून पडेल.

असं का, तर याच्या ४एफ नावाच्या आतल्या कक्षेत १४ची जागा असून इलेक्ट्रॉन सातच, आठवा सरळ ५डी या बाहेरच्या कक्षेत जाऊन बसतो कारण अर्धी भरलेली कक्षा जास्त स्थिर. सातही सुटे (जोडी न लागलेले), सगळ्यांचा स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचं अंगचं चुंबकपण, एकाच दिशेला, म्हणजे एकेक अणू तसा दणकट चुंबक. पण हे सात जण वाड्याच्या माजघरात बसल्यासारखे आत दडलेले, शेजारच्या अणूशी थेट बोलणं नाहीच, निरोप जातो तो बाहेर फिरणाऱ्या ५डी, ६एस वाल्यांमार्फत. असं बोलणं कच्चंच, जरा उष्णता वाढली की सगळी शिस्त मोडते.

एमआरआयमध्येही तेच सात कामाला येतात. बाहेरचे तीन इलेक्ट्रॉन गेले तरी हे जागेवरच, त्यांच्यामुळे आसपासच्या पाण्यातले प्रोटॉन लवकर ताळ्यावर येतात आणि तो भाग फोटोत उजळ दिसतो. फक्त तीन इलेक्ट्रॉन गेलेला हा अणू, म्हणजे आयन, सुटा असला तर विषारी, आकार जवळपास कॅल्शियमएवढा असल्याने शरीर फसतं, म्हणून तो मोठ्या रेणूत घट्ट बांधून देतात आणि किडनी तो बाहेर टाकते. किडनी नीट चालते का हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन आधी बघतात ते यासाठीच.

अजून एक, चुंबकीय क्षेत्रात नेला की हा गरम होतो आणि बाहेर काढला की गार, आणि हा परिणाम त्या २० अंशाच्या आसपासच सगळ्यात जोरात. यावर बिनगॅसचा फ्रिज करायचे प्रयोग १९७६ पासून चालू आहेत, पण धातू महाग आणि चुंबकं त्याहून अवजड, त्यामुळे सध्या तरी कॉम्प्रेसरवालाच फ्रिज.