तांबडीच्या पाठीवरची जखम

श्रावण लागला त्याच आठवड्यात आमच्या तांबडी कोंबडीला मुंगसाने धरलं. भरदुपारी, परड्यात. कुत्रा भुंकत धावला म्हणून सुटली. पाठीवरची मूठभर पिसं गेली होती, रक्त फारसं दिसलं नाही, संध्याकाळी तिने कणी पण टिपली, म्हणून मी वरून हळद दाबली आणि बाकीच्यांबरोबर खुराड्यात सोडली. तिथेच चुकलं माझं. कोंबडीची जखम पिसांखाली झाकली जाते आणि ती दुखतंय हे शेवटपर्यंत दाखवत नाही, कारण अशक्त दिसली की बाकीच्या तिलाच टोचायला लागतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कोपऱ्यात पंख पाडून उभी, तुरा फिका पडलेला. उचलली तर कुजका वास आला. शेपटीच्या वरची पिसं बाजूला केली आणि पोटात गोळाच आला, रुपयाएवढं भोक आणि आत भाताच्या शितांसारखं काहीतरी नुसतं वळवळत होतं. सासूबाई म्हणाल्या, "आता नाही गो वाचत ती." शेजारचे काका म्हणाले पेट्रोल ओत, नाहीतर फिनेल. दोघंही चांगल्या मनानेच सांगत होते, पण कोंबडीची कातडी कागदासारखी पातळ असते, असलं काही घातलं तर जखम भाजते आणि ते अंगातही भिनतं. त्यामुळे कृपा करून पेट्रोल, रॉकेल, फिनेल यातलं काहीही घालू नका.

होतं काय, की त्या चकाकणाऱ्या हिरव्या-निळ्या माशा रक्ताच्या नाहीतर घाणीच्या वासावर येतात आणि पिसांच्या मुळाशी रव्याच्या कणांसारखी अंडी घालतात. पावसाळ्यातल्या दमट उकाड्यात ती एका दिवसाच्या आत फुटतात, आणि अळ्या आत शिरून मांस खायला लागतात. म्हणून "उद्या बघू" म्हणायला वेळच नसतो.

मी तिला न्हाणीघरात घेतलं, दार लावून, म्हणजे माशा आत नकोत. टॉवेलात गुंडाळून डोकं अलगद झाकलं, अंधार झाला की कोंबडी शांत होते (नाक मात्र मोकळं ठेवायचं). जखमेभोवतीची पिसं दोन बोटं रुंद कातरली. उपटायची नाहीत, कातडी फाटते. आणि नवीन फुटणाऱ्या काळपट नळीच्या पिसांना कात्री लावायची नाही, त्यात रक्त असतं, कापलं की वाहत राहतं. मग अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, आणि सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने धार सोडत राहिले. अळी मागच्या टोकाने श्वास घेते, त्यामुळे भोक पाण्याने भरलं की त्या वर येतात, तेव्हा चिमट्याने धरायच्या. साठपर्यंत मोजल्या, मग मोजायचं सोडून दिलं. एक तास गेला. तांबडी मध्येच डोळे मिटायची आणि मला वाटायचं गेली. शेवटी पॉविडोन आयोडीन (जखमेवरचं तपकिरी जंतुनाशक) कोऱ्या चहाच्या रंगाचं होईल इतकं पातळ करून धुतलं आणि जखम उघडीच ठेवली, वर पट्टी नाही.

पण एकदा धुऊन संपत नाही हे काम, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पिसांना चिकटलेली अंडी नंतर फुटतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अकरा निघाल्या, तिसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी एकही नाही. रोज दोनदा धुणं चालूच. पशुवैद्य डॉक्टरांनी वजन विचारून अँटिबायोटिक दिलं आणि ते चालू असताना आणि नंतर सांगितलेले दिवस तिची अंडी खायची नाहीत असं बजावलं. माणसांची बधिर करणारी मलमं पण मनाने लावू नका, पक्ष्यांना ती सहज जास्त होतात.

एक घाबरवणारी गोष्ट मध्येच झाली. जखमेच्या कडेची कातडी हिरवी पडली. मला वाटलं सडलं सगळं. डॉक्टर फोटो बघून म्हणाले मुका मार आहे, आपल्याला निळं-काळं पडतं तसं कोंबडीला दोन-तीन दिवसांनी हिरवं पडतं. काळं पडून वास आला तर मात्र लगेच दाखवायचं.

तिला पडवीत डालग्याखाली ठेवली, वर जुनी मच्छरदाणी, खाली रोज नवीन कागद. बाकीच्या दिसतील अशी, नाहीतर परत सोडल्यावर परकी समजून मारतात. गुळाचं पाणी आणि कुस्करलेलं उकडलेलं अंडं द्यायचे. पाचव्या दिवशी तिने माझ्या बोटालाच चोच मारली आणि मी तिथेच बसून रडले.

आता रोज रात्री सगळ्या खुराड्यात बसल्या की बॅटरी घेऊन एकेकीची पिसं फुंकून बघते. पाठ, पंखांखाली, आणि मुख्य म्हणजे बूड. जुलाब झालेली आणि अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी, यांच्या बुडाला घाण चिकटते आणि माशी तिथेच येते, जखम असायलाच पाहिजे असं नाही. कोंबड्याच्या नखांनी पाठीवर ओरखडे आलेत का तेही बघायचं.

दसरा झाला. तांबडीच्या पाठीवर अजून बोटभर जागा उघडी आहे, पण काल हात फिरवला तर तिथे नव्या पिसांचे खुंट टोचले.