चमच्यांचे दोन डबे

आमच्या घरात रांधताना चव घ्यायची पद्धत नाही. नियम खरा नैवेद्याचा, पण आजीच्या हातून तो माशांच्या सारालाही लागला आणि तिच्याकडून माझ्या अंगवळणी पडला. मीठ अंदाजाने, तिखट रंगावरून, शिजलं की नाही ते वासावरून. देवबागला बारा वर्षं खाणावळ चालवतेय ती अशीच. मालवणात दोन दिवसांचा मास्टरक्लास आहे, मोठ्या हॉटेलांत काम केलेले दोन शेफ येणार आहेत असं कळल्यावर साडेतीन हजार रुपये भरले, ते खरं तर ताट सजवायला शिकायचं म्हणून. पर्यटक आता आधी फोटो काढतात, मग जेवतात.

सजावट जमली थोडीफार. पण मी घरी आणलं ते वेगळंच.

पहिल्याच सकाळी थोरल्या शेफनी ओट्यावर दोन डबे ठेवले. एकात स्टीलचे पन्नासेक छोटे चमचे, दुसरा रिकामा. स्वच्छ चमच्याने चव घ्यायची आणि उष्टा चमचा दुसऱ्या डब्यात टाकायचा. मग साध्या सुरमईच्या साराची चव त्यांनी आम्हाला पाच वेळा घ्यायला लावली. पहिल्या चमच्याला माझा हात अडला, खरंच सांगते. कच्च्या वाटपात धणे घशाला लागत होते. एक उकळी आल्यावर ते गेले आणि खोबऱ्याचा गोडवा वर आला. मीठ घातल्यावर तिसरा चमचा, सोलं घातल्यावर चौथा. मग गॅस बंद करून, झाकण ठेवून दहा मिनिटांनी पाचवा, आणि सार चक्क आंबट-खारट झालेलं!

"ताई, सोलं कशी करतात?" त्यांनी मलाच विचारलं. मी दर मे महिन्यात अंगणात करते. कोकमाच्या साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, वाळवायच्या, परत बुडवायच्या. सांगता सांगताच डोक्यात उजेड पडला. मीठ सोलांतच आहे, आणि ती सारात असेपर्यंत ते सुटत राहणार. साडेबाराच्या पंगतीला बरं लागलेलं सार अडीचच्या पंगतीला खारट का होतं, याचं उत्तर बारा वर्षं माझ्या अंगणातच वाळत पडलं होतं. दोष मात्र मी मदतीला येणाऱ्या मुलीला देत आले. परत आल्यावर पहिलं काम केलं ते तिची माफी मागण्याचं. आता मीठ हात राखून घालते आणि चव जमली की सोलं काढून टाकते.

माकुलाचंही, म्हणजे स्क्विडचंही, तसंच. कडकडीत तव्यावर दोन मिनिटं, नाहीतर मंद आचेवर पाऊण तास. मधल्या वेळात उतरवलं तर रबर. माझं नेमकं मधल्या वेळात उतरायचं.

दुसऱ्या दिवशी धाकट्या शेफनी बांगड्यासाठी तिरफळाचा, म्हणजे आमच्याकडच्या मसाल्याच्या फळाचा, सॉस करायला घेतला. तिरफळं मिक्सरच्या भांड्यात पडताना मला आतल्या काळ्या बिया दिसल्या. मिक्सर फिरला, वास आला आणि मी उभीच राहिले. म्हटलं, "सर, कडू होईल हे." त्यांनी चमचा घेतला, चव घेतली, दुसरा चमचा घेतला आणि भांडं बाजूला ठेवून म्हणाले, "तुम्ही करून दाखवा."

मी बिया काढल्या, नुसती टरफलं पाण्यात हलकी ठेचली आणि तिखलं, म्हणजे बांगड्याचं तिखट कालवण, उकळत असताना वरून सोडली. तिरफळ वाटपात वाटायचं नसतं. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशालाच ते घालतात, सुरमईला नाही, हेही सांगितलं. चौदा जणांनी चमचे बुडवले. जिभेवर तो बारीक झिणझिण्यांचा परिणाम आला तेव्हा धाकटे शेफ डोळे मिटून उभे होते. नंतर त्यांनी वहीत सगळं लिहून घेतलं, बिया काढण्यापासून.

आता माझ्याही ओट्यावर दोन डबे आहेत. सासूबाई चार दिवस नुसत्या बघत होत्या. पाचव्या दिवशी तिखलं उतरवताना जवळ आल्या. चमचा नको म्हणाल्या, तळवा पुढे केला.

"माका पण घाल वायंच हातार."