सीप्लेनची बुरशी, आणि 160 वर अडकलेला काटा

रिमोटच्या सीप्लेनवरची, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानावरची बुरशी पुसायला दहा मिनिटं लागतात. हे आधीच लिहितो, कारण मीही दहा मिनिटांत पुसली, हुशारी वाटली, आठ दिवसांनी परत आली. पुन्हा पुसली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा आल्यावर कळलं की मी चुकीच्या गोष्टीशी भांडत होतो.

विमान बाल्सा (हलकं लाकूड) आणि प्लायचं, घरी बांधलेलं, वर इस्त्रीनं चिकटवायची प्लॅस्टिक फिल्म, खाली पाण्यावर तरंगायला दोन पोकळ फ्लोट. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर मी उडवत नाही. पक्षी, फिरायला आलेली माणसं, एवढ्यात रिमोटचं विमान म्हणजे उगाच ताप. कोडोलीजवळ मामांचं शेततळं आहे, तिथं उतरवतो. मे महिन्यात शेवटचं उडवलं, तेवढ्यात वळीव आला, गडबडीत वरवर पुसलं आणि बबलच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलं. मंगळवार पेठेतलं जुनं घर, पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर ओला होतो. त्यात प्लॅस्टिक! जुलैत सोडलं तर कुबट वास, फिल्मच्या कडांना काळे ठिपके आणि उजव्या फ्लोटवर राखाडी-हिरवी लव.

पुसण्याचं थोडक्यात. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मागितलं तर सॅनिटायझर पुढं केलं. ते घेऊ नका, त्यातल्या ग्लिसरीननं चिकट थर राहतो. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडं ‘आयपीए’ म्हणून मिळतं. त्यांच्याकडचं बहुतेक 99 टक्क्यांचं असतं, ते लगेच उडून जातं. डिस्टिल्ड पाणी घालून 70 वर आणलं की बुरशीवर जास्त वेळ टिकतं. कोरडा ब्रश मारू नका, सगळी भुकटी नाकात जाते. आधी ओलं करा, मग कापडानं टिपा, तोंडाला मास्क. कोपऱ्यात एक थेंब लावून बघा; मी बघितलं नाही, शेपटीवरची अक्षरं पुसट झाली. ब्लीचचा सल्ला मला दोघांनी दिला. त्यातलं पाणी लाकूड पिऊन घेतं आणि स्क्रूंना गंज चढतो तो वेगळाच.

तर तिसऱ्यांदा बुरशी आली तेव्हा सहज म्हणून विमान स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. बांधताना मी सगळ्या भागांची वजनं वहीत लिहिली होती, तीच कामाला आली. बॅटरीशिवाय 1640 ग्रॅम असायला हवं, भरलं 1731. मग फ्लोट सुटे करून मोजले. डावा 148 चा 157 झालेला. उजवा 150 चा 198! मागच्या वॉटर-रडरच्या (पाण्यात वळवायच्या सुकाणूच्या) स्क्रूचं भोक सैल झालं होतं, तिथून पाणी आत गेलेलं. खालची फिल्म कापली, फ्लोट उलटा केला तर दोन चमचे गढूळ पाणी बाहेर आलं आणि आतल्या फॉर्मरवर (आडव्या लाकडी पट्टीवर) कापसासारखी बुरशी. मी बाहेरून पुसत होतो, ती आतून येत होती.

पाणी काढून, आतून आयपीए फिरवून वजन 180. आता वाळेल, असं वाटलं.

इथून पुढचे दिवस आठवले तरी चिडचिड होते. फ्लोट पंख्याखाली टांगला. चार दिवसांत 171, मग 165, मग 160. आणि 160 लाच बसला. दुसऱ्या दिवशी 160. तिसऱ्या दिवशी 161! बाहेर संततधार. 2019 आणि 2021 चे पूर बघितलेला माणूस जुलै-ऑगस्टात सकाळी उठला की आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. 39 फूट इशारा, 43 धोका. मी पंचगंगेचे फूट बघायचो आणि लगेच फ्लोटचे ग्रॅम. नदी चढली की फ्लोटही एखादा ग्रॅम चढायचा. आई म्हणाली, “उन्हात ठेव की रे.” ऊन असतं तर मी काट्याकडं कशाला बघत बसलो असतो? शंभरच्या बल्बखाली ठेवला तर तासाभरात एका बाजूची फिल्म सैल पडली. बल्ब बंद.

सातव्या दिवशी डावा फ्लोट मोजला. त्यात पाणी कधीच शिरलं नव्हतं, तरी तोही 157 च्या खाली यायला तयार नव्हता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पापड सादळतो तसं लाकूड सादळतं. हवेत 90 टक्के आर्द्रता असेल तर लाकूड आपल्या वजनाच्या साधारण 20 टक्के पाणी धरून बसतं, आणि तेवढ्या ओलीत बुरशी सुखानं वाढते. 50 टक्के आर्द्रतेला तेच 9 टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे कोल्हापूरच्या श्रावणात मी वर्षभर पंखा लावला असता तरी 160 च राहिले असते.

मग हवाच बदलली. हार्डवेअरच्या दुकानातून 160 मिलिमीटरचा, चार फुटी पीव्हीसी पाइप आणि दोन एंड कॅप आणल्या. दुकानदारानं विचारलं, “ड्रेनेज कुठलं?” विमानासाठी म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. पाइपात फ्लोट, सोबत कापडी पिशव्यांत किलोभर निळी सिलिका जेल, टोपणांवर टेप. गुलाबी झाली की जुन्या तव्यावर मंद आचेवर परत निळी करायची. तवा पुन्हा भाकरीला वापरायचा नाही, निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

दुसऱ्या दिवशी 156. मग 153. सहाव्या दिवशी 151 आणि तिथंच थांबला, पण हे थांबणं गोड होतं. भोक इपॉक्सीनं बुजवलं, फिल्मचा तुकडा इस्त्रीनं चिकटवला. मग डावा फ्लोट पाइपात, आणि पंख-बॉडी बहिणीच्या एसी खोलीत ड्राय मोडवर दहा दिवस. भाऊजींनी वीजबिलाचा विषय अजून काढलेला नाही.

राहिलंच: सगळ्यात आधी लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बाहेर काढा आणि 3.8 व्होल्ट प्रति सेलवर ठेवा. आणि जोडल्यावर सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, म्हणजे विमानाचा तोल जिथं साधतो ती जागा, परत तपासा. माझ्या फ्लोटमधलं पाणी मागच्या टोकाला होतं. तसंच उडवलं असतं तर नाक वर करून पाण्यातच गेलं असतं.

आता एकूण 1645 भरतंय. आईनं पाइप मागितलाय, पापड ठेवायला. निळ्या सिलिकेचं सांगून बघितलं, तर म्हणाली, “मग धुऊन दे.”