खून पाच महिन्यांत उरकला, सारांशाला नऊ लागले

माझी पहिली रहस्यकादंबरी पाच महिन्यांत लिहून झाली. त्या पाच महिन्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पहाटे बसायचे, पानं व्हायची. खरं रामायण पुढे घडलं, एका प्रकाशनसंस्थेच्या ऑनलाइन अर्जातल्या एका चौकटीत. ती चौकट आठवली की अजूनही माझं डोकं फिरतं.

कादंबरी 'कोझी' म्हणतात त्या जातीची. सगळे सगळ्यांना ओळखतात असं लहान गाव, पडद्याआड झालेला खून, रक्ताचे पाट नाहीत आणि शोध घेणारी व्यक्ती पोलिसांतली नाही. माझ्याकडे ते काम गावच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई करतात. मेलेले गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. खुनी वाचनालयाचा खजिनदार. हो, सरळ सांगून टाकलं. खुनी लपवण्याची हौस त्या चौकटीने माझ्यातून पार काढून टाकली आहे.

अर्ज तसा सोपा होता. नाव, पत्ता, शब्दसंख्या, प्रकार. मग ही ओळ: 'कथासारांश, कमाल ५०० शब्द, शेवटासह.' यातलं 'शेवटासह' मी वाचलं आणि मनातल्या मनात हसले. रहस्यकथेचा शेवट कोण आधी सांगतं? मी अगदी चटपटीत सारांश लिहिला, मागच्या कव्हरवर शोभेल असा, आणि शेवटचं वाक्य टाकलं, 'खुनी कोण? ते कादंबरीतच वाचा!' उद्गारचिन्हासकट.

अकरा आठवड्यांनी उत्तर आलं. दोनच शब्द. 'सारांश अपूर्ण.'

अकरा आठवडे! त्या काळात रोज सकाळी आधी मेल उघडायचा आणि मग तोंड धुवायचं, असा क्रम झाला होता. मी चिडले, पण चूक माझीच होती. सारांश वाचणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. गाडी घेण्याआधी बॉनेट उघडायला लावणाऱ्या माणसासारखा असतो तो. खुनी कोण, कारण काय, तपास करणाऱ्याला कसं कळलं, हे तिन्ही त्याला उघडं हवं असतं. मागच्या कव्हरचा मजकूर वेगळा, सारांश वेगळा. एवढं एक जरी कोणी मला आधी सांगितलं असतं तरी अकरा आठवडे वाचले असते.

दुसऱ्या वेळी मी शहाण्यासारखी वागले. निदान मला तसं वाटलं. कादंबरी पुढ्यात घेतली आणि प्रकरणवार लिहीत गेले. पहिल्यात हे घडतं, दुसऱ्यात ते. मजकूर चौकटीत चिकटवला, 'पाठवा' दाबलं. नऊ आठवड्यांनी उत्तर. 'सारांश अपूर्ण.'

या खेपेला मात्र मी फोन लावला. तीनदा वाजून बंद झाला, चौथ्यांदा एका गृहस्थांनी उचलला.

"मॅडम, तुम्ही शेवट लिहिलेलाच नाही."

"अहो, लिहिलाय. अख्खा परिच्छेद आहे."

पलीकडे कीबोर्डचा आवाज. मग त्यांनी शेवटची ओळ अगदी सपाट आवाजात वाचून दाखवली. "'आणि त्याच क्षणी ग्रंथपाल बाईंच्या लक्षात येतं की'. इथे संपलं."

पाचशेव्या शब्दाला त्या चौकटीने कात्री चालवली होती. ना इशारा, ना लाल अक्षरं. माझा मजकूर सातशेच्या वर गेला होता. "तुमच्या चौकटीने खाल्लं ते," मी म्हणाले. "चौकटीत मावेल तेवढंच लिहायचं असतं, मॅडम." त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की भांडायलाही काही उरलं नाही. तरी एक विचारलंच, मर्यादा ओलांडली तर तिथे तसं दिसत का नाही? "नाही दिसत," ते म्हणाले. असो. तुम्ही कुठेही अर्ज भरत असाल तर मजकूर चिकटवल्यावर चौकटीच्या तळाशी जाऊन शेवटचा शब्द डोळ्यांनी बघा. आणि भरलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा.

आता पाचशेत बसवायचं म्हणून काटछाट सुरू केली, आणि दोन आठवडे नुसती तिथेच अडकले. डॉक्टर कापला की शेजारीण अधांतरी लटकायची. शेजारणीला काढावं तर तिच्या बागेतलं डिजिटॅलिसचं विषारी झाड कशाला होतं ते कळेना. चारशे नव्वद शब्दांत बसवलेला सारांश मी मोठ्याने वाचला तेव्हा मलाच समजेना की कोण कोणाला का मारतंय.

शेवटी कळलं की मी उलट्या बाजूने सांगत होते. त्स्वेतान तोदोरोव्ह या अभ्यासकाने १९६६ सालच्या निबंधात हे मांडून ठेवलं आहे. शोधकथेत दोन गोष्टी असतात, एक गुन्ह्याची आणि एक तपासाची. गुन्ह्याची गोष्ट पान उघडण्याआधीच घडून गेलेली असते. आपण वाचतो ती तपासाची. कादंबरी तपासाच्या क्रमाने चालते, म्हणून तिला तीनशे पानं लागतात. सारांश खुन्याच्या क्रमाने सांगितला तर तो एका पानात बसतो. खजिनदाराने वाचनालयाच्या इमारत निधीतले पैसे खाल्ले. मुख्याध्यापक हिशेब तपासणार होते. त्यांना हृदयासाठी डिगॉक्सिन, म्हणजे डिजिटॅलिसपासून मिळणारं औषध, चालू होतं. आठवड्याच्या गोळ्यांची डबी दर रविवारी हाच जुना मित्र भरून द्यायचा. त्याने मात्रा वाढवली. पाच वाक्यं आणि खून झाला! मी तीन दिवस हवेत होते.

सहाव्या वाक्यावर येऊन धाडकन आपटले. 'ग्रंथपाल बाईंना कळतं, कारण…'

कारण काय? कादंबरीत मी लिहिलं होतं की त्या कपाटामागे पुस्तकं लावत असताना खजिनदार फोनवर बोलतो आणि त्यांच्या कानावर पडतं. तीनशे पानांच्या गर्दीत ते खपून गेलं होतं. पाच जणांनी वाचलं, कोणी हूं की चूं केलं नाही. पण उघड्याबोडक्या वाक्यात ते इतकं लाजिरवाणं दिसलं की मी लॅपटॉप मिटून ठेवला. रोनाल्ड नॉक्स नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी, जे स्वतः रहस्यकथा लिहायचे, १९२९ साली शोधकथेचे दहा नियम लिहिले. त्यात योगायोगाने तपास करणाऱ्याला मदत होता कामा नये, असा एक नियम आहे. तो मला तोंडपाठ होता. पाठ होता आणि मोडला होता.

पाचजण म्हटलं त्यावरून आठवलं. हस्तलिखित वाचायला देताना 'कसं वाटलं?' असं विचारू नका. 'छान' म्हणतात आणि विषय संपतो. त्यांना पेन्सिल द्या आणि सांगा, संशय बदलला की समासात त्या माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर लिहा. माझ्या एका मैत्रिणीने बाराव्या पानावर 'ख' लिहिलं होतं आणि शेवटपर्यंत दुसरं अक्षरच नाही. ते बघून पोटात गोळा आला होता, पण कामाची माहिती तीच निघाली.

तर ते सहावं वाक्य. महिनाभर मी त्यावर बसून होते. पोलिसांकडे प्रयोगशाळा असते, जबाब असतात, झडतीचा अधिकार असतो. हौशी तपासनिसाकडे यातलं काही नसतं, आणि शवविच्छेदनाचा अहवाल तिच्या हातात पडावा म्हणून तिला हवालदाराची मावशी करणं ही पळवाट फार वापरून झाली आहे. शिवाय माझ्या खुनात अहवालानेही फार काही साधत नव्हतं. डिगॉक्सिन रक्तात सापडणारच, माणूस ते घेतच होता. प्रमाण जास्त सापडलं तरी पेच सुटत नाही, कारण मृत्यूनंतर हृदयातल्या रक्तात त्याचं प्रमाण आपोआप वाढतं. डॉक्टरांनी नैसर्गिक मृत्यू लिहिला तर कोणी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. मग एका ग्रंथपालाला असं काय दिसू शकतं, जे डॉक्टरला दिसलं नाही?

उत्तर औषधाच्या माहितीतच पडलं होतं आणि मी त्यावरून दहादा डोळे फिरवले होते. डिजिटॅलिस अंगात जास्त झालं की भूक जाते, मळमळतं, नाडी मंदावते, आणि काहींना सगळं पिवळसर दिसू लागतं. हे शेवटचं लक्षण विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ सालीच लिहून ठेवलं आहे. त्याच झाडाच्या पानांपासून औषध द्यायची रीत त्याने बसवली होती. मात्रा आणि विष यांत अंतर फार थोडं, हेही तेव्हापासून माहीत.

आणि वाचनालयात तक्रारवही असते.

आता कादंबरीत असं आहे. मृत्यूच्या दहा दिवस आधी मुख्याध्यापकांनी वहीत ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं, 'पानं पिवळी पडली आहेत. प्रत बदलून द्यावी.' खाली सही, तारीख. ग्रंथपाल बाई ती नोंद वाचून आधी चिडतात, कारण पुस्तक गेल्याच महिन्यात आलेलं. त्या कपाटातून ते काढतात, खिडकीपाशी उघडतात. पानं पांढरीशुभ्र. बाई शेरा लिहितात, 'तक्रार निराधार,' आणि वही मिटतात. पंचवीस प्रकरणांनंतर तोच शेरा त्यांना झोपू देत नाही. इथे योगायोग नाही, पोलिसातला भाचा नाही. पांढरं पान पांढरं आहे की नाही, हे त्या गावात त्यांच्याइतकं कोण सांगू शकणार? अगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधकक्षात काम केलं होतं आणि तिच्या गोष्टींतली विषं तिथून आली. पोटापाण्याच्या कामातली जाण अशी उपयोगी पडते. तुमचा तपासनीस शिंपी असेल तर त्याला टाका दिसू दे. ठसे त्याला दाखवू नका.

तीन प्रकरणं पुन्हा लिहिली. फोनचा प्रसंग गेला, कपाट राहिलं. सारांशाचं सहावं वाक्य एकवीस शब्दांचं झालं आणि त्याचा मला अख्ख्या कादंबरीपेक्षा जास्त अभिमान आहे. पण याचं श्रेय मी त्या चौकटीला देणार नाही. अकरा अधिक नऊ, वीस आठवडे गप्प बसून नंतर दोन शब्द पाठवणाऱ्यांना श्रेय कसलं? 'शेवट लिहा' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. सारांशात नावं घालू नका, भूमिका घाला. 'खजिनदार', 'शेजारीण', 'डॉक्टर' असं लिहिलं की वाचणारा गोंधळत नाही. चकवे सगळे देऊ नका, एकच द्या, सर्वांत दमदार असेल तो. माझा शेजारणीच्या बागेतलं झाड. आणि मृत्यूची वेळ मिनिटांवर बेतू नका. माझ्या पहिल्या खर्ड्यात सगळी मदार प्रेत किती ताठरलं यावर होती. ताठरपणा साधारण दोन ते चार तासांत सुरू होतो, बारा तासांच्या सुमाराला पूर्ण शरीरात येतो. पण खोली गार की गरम यावर ते गणित इतकं हलतं की त्यावर एखाद्याला निर्दोष सोडवणं म्हणजे वाचकाची फसवणूक. संथ विष घेतलं आणि ती डोकेदुखी गेली. मृत्यूच्या वेळी खुनी कुठे होता, याला अर्थच उरला नाही. (तीन झाल्या. असू देत.)

तिसरा सारांश चारशे शहाऐंशी शब्दांचा झाला. पाठवण्याआधी शेवटचा शब्द चौकटीत दिसतोय ना, हे मी तीनदा पाहिलं. फोटो काढला. सहा आठवडे गेले आणि या वेळी मेल न येता फोन आला. तोच सपाट आवाज.

"मॅडम, सारांश पूर्ण आहे. संहिता पाठवा. अर्जाचा दुवा मेलवर येईल."

म्हणजे आणखी एक अर्ज. मी "बरं" म्हणाले. फोन ठेवणार तेवढ्यात ते घुटमळले.

"एक विचारू का? म्हणजे आमच्या प्रक्रियेत नाही हे. त्या खजिनदाराने जास्तीच्या गोळ्या आणल्या कुठून? डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय?"

"संहितेत आहे की. पान दोनशे बारा."

"सारांशात नाही आलं ते."

"पाचशे शब्दांत नाही बसलं."

"हो, कमीच पडतात तसे," ते म्हणाले.

फोन ठेवला आणि आधी धावत जाऊन ते पान उघडलं. होतं.