वाळूतला केक आणि आप्पांचे कागदोपत्री ऐंशी

आमच्या आप्पांची जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? घरचे सांगायचे, "पाऊस लागला होता, गाय व्यायली होती, त्या सुमाराला." मास्तर १ जून लिहून मोकळे. आप्पांचा खरा जन्म कधीचा ते कुणालाच माहीत नाही, आणि त्यांना स्वतःला त्याचं काही वाटतही नाही.

अडचण एवढीच की १ जूनला घर रिकामं असतं. मे महिनाभर गुहागर तालुक्यातल्या त्या घरात पाय ठेवायला जागा नसते. दीर, नणंदा, जावा, भाचे, पुतणे, झोपाळ्यावर पाळीपाळीने भांडणं. मग महिनाअखेरीला सगळे चिपळूणहून गाड्या पकडून पांगतात. म्हणून आप्पांचा वाढदिवस मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी. यंदा कागदोपत्री ८० पूर्ण होणार होती आणि पानाला माणसं बावीस.

दरवर्षी आमरस-पुरी होते, आजी औक्षण करतात, संपतं. गेल्या वर्षी पोरांच्या हट्टापायी बाजारातून क्रीमचा केक आणला होता. मे महिना, गाडीत तासभर, पुढच्या सीटवर मांडीवर खोका. घरी येऊन उघडला तर वरचे गुलाब घसरून खोक्याच्या कोपऱ्यात जमले होते आणि ‘आप्पा’मधला पहिला ‘प’ आडवा झाला होता. दुकानदाराचा काही दोष नाही, त्या उन्हात माणूस घसरतो तिथे क्रीमचं काय घेऊन बसलात. पण यंदा मी बोलून गेले, "केक मी करते." लगेच सहा वर्षांच्या भाचीने अट घातली: रंगीत पाहिजे. एका रंगाचा नको.

आता रंगाच्या बाटल्या आणल्या असत्या तर काम दोन मिनिटांचं होतं. मी काही तत्त्वाबित्त्वाची बाई नाही. टूटीफ्रूटी मला प्राणप्रिय आहे आणि ती कच्च्या पपईचे तुकडे पाकात मुरवून, रंगात बुडवूनच झालेली असते हे मला ठाऊक आहे. पण अंगणात रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा ढीग, माळावर करवंदं, आढीत हापूस, आणि मी डोंबिवलीहून लाल-पिवळ्या रंगाच्या बाटल्या घेऊन जाणार? मोठ्या जाऊबाईंनी नुसतं बघितलं असतं तरी पुरे होतं.

म्हणून एप्रिलमध्ये घरी तालमी केल्या. तीन शनिवार, तीन फजित्या.

पहिल्या शनिवारी बीट. किसून, वाटून, पिळून रस घातला. भांड्यातलं मिश्रण असं काही राणी रंगाचं दिसत होतं की मी फोटो काढून बहिणीला पाठवला. पन्नास मिनिटांनी भांडं उघडलं तर आत कणकेच्या लाडवाच्या रंगाची वस्तू बसली होती. बिटाचा रंग तापला की जातो.

दुसऱ्या शनिवारी हळद. चिमूटभर, पिवळेपणासाठी. केक झाला, पण मध्ये मध्ये विटकरी डाग, जणू कुणी पान खाऊन वर पिंक टाकली. मी हळदीच्या पुडीलाच दोष देत होते. पुतणी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, तिला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती हसायलाच लागली. "काकू, हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना? तेच हे. तू सोडा घातलायस." खरंच की. पांढऱ्या साडीवरचा वरणाचा डाग धुताना आयुष्यभर हेच बघत आले आणि केकमध्ये ओळखता आलं नाही. जिथे सोडा नीट मिसळला नव्हता तिथे डाग.

तिसऱ्या शनिवारी कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस. आंबट घातल्याबरोबर सोडा फसफसून वर आला, मला वाटलं वा, केक हलका होणार. हलका झालाही. पण लाल रंग जाऊन पाटीचा रंग आला. कोकमाचा लाल आंबटपणात लाल राहतो, सोड्याने आंबटपणा मारला की तोही मरतो. नवऱ्याने तुकडा तोंडात टाकून "चव बरी आहे" असं म्हटलं, आणि लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर त्या वाक्याचा अर्थ कळतो.

या सगळ्यात भट्टीत तग धरून राहिलेला एकच रंग होता, तो म्हणजे आंब्याचा. थोडा रस मी दुसऱ्या शनिवारी एका छोट्या वाटीत वेगळा भाजून बघितला होता, तो जसाच्या तसा केशरी-पिवळा बाहेर आला. गाजराचा हलवा तासभर आटवला तरी रंग टिकतो, तीच जात ही. तेव्हा ठरवलं की आत फक्त आंबा. बाकीचे रंग केक भाजून, निवून झाल्यावर वरून ओतायचे, म्हणजे त्यांना ना आच लागेल ना सोडा.

गावी पोचल्यावर जाऊबाईंना बेत सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सांदणं कर की त्यापेक्षा. बरक्या फणसाचा रस आहे, तांदळाच्या कण्या आहेत. पिवळीधमक होतात." मुद्दा बिनतोड होता. आपल्याकडे केक नव्हता हे म्हणणंच मुळात खोटं. सांदण म्हणजे वाफेवरचा केक. आणि धोंडस तर सरळसरळ भट्टीतला: तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसायचं, तांदळाचा रवा, गूळ, वर झाकणीवर निखारे आणि खाली निखारे. आजी अजून सांगतात की त्यांच्या सासूबाई धोंडसाच्या टोपाजवळ कुणाला बोलूही देत नसत. पण तवशाला पाऊस लागावा लागतो, आणि पोरांना केकच हवा होता. जाऊबाईंनी फणस बाजूला ठेवला आणि वाळूचं बघायला गेल्या.

केक कुकरमध्ये तापलेल्या वाळूवर भाजायचा होता, आणि ती वाळू नदीची हवी. समुद्र हाकेवर आहे, पण ती वाळू खारट, शिंपल्यांची, आणि तापली की वास मारते. शेजारी घराचं काम चाललंय, तिथून दोन घमेली आणली, धुतली, अंगणात ताडपत्रीवर पसरली. एका बाजूला कोकमाच्या साली वाळतायत, एका बाजूला आंबापोळी आणि मध्ये आमची वाळू. दोन दिवसांनी चाळून घेतली. वाळू नसली तर जाडं मीठ चालतं. मात्र ते मीठ पुन्हा आमटीत घालू नये.

प्रमाण सांगते. वाटी म्हणजे आमटीची, जी हाताला लागेल ती, फक्त सगळ्याला तीच. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी आमरस, एक वाटी ताजं दही, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी पातळ केलेलं तूप. एवढं कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं. रवा पिऊन फुगतो आणि मिश्रण घट्ट होतं, तेव्हा लागेल तसं दूध घालून इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट ठेवायचं. अंडं नाही, आजी खात नाहीत. टूटीफ्रूटी कोरड्या मैद्यात घोळवून घालायची, नाहीतर सगळी तळाला जाऊन बसते. बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा आणि सोडा फक्त पाव चमचा, दोन्ही अगदी शेवटी. एकदा ते पडलं की मग गप्पा नाहीत, फोन नाही, तडक भांड्यात ओतून कुकरमध्ये.

कुकर जुना घ्यावा, कोरडा तापवायचा असतो. तळाला दोन बोटं वाळू, वर एक स्टँड. झाकणाची रबर आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवायची. हे मी दोनदा लिहिते कारण आमच्या घरात ते दोनदा सांगावं लागलं: रबर आणि शिट्टी काढायची. पाणी घालायचं नाही. मध्यम आचेवर दहा मिनिटं वाळू तापवायची, मग तूप-मैदा लावलेलं केकचं भांडं आत आणि आच बारीक. चाळीस मिनिटं उघडायचं नाही. पोरं दर पाच मिनिटांनी नाक लावून येतात, त्यांना करवंदं काढायला पिटाळावं.

असे तीन गोल केक केले. तीनच का? कारण पुतणीच्या डोक्यातून निघालं की दोन गोल एकावर एक ठेवले की इंग्रजी आठ आणि शेजारी तिसरा म्हणजे शून्य. कसले आकडे कापायला नकोत, साचे नकोत. ती पोरगी पुढे काय होणार कोण जाणे, पण घर चालवताना उपाशी राहणार नाही.

क्रीमचा प्रश्न मात्र होता. मी हुशारीने बर्फाच्या पेटीतून क्रीम नेलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी वळवाचं वादळ झालं, वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. फेटायला बसले तर नुसतं दूध हलवल्यासारखं. त्या क्षणी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. जाऊबाईंनी काही न बोलता दोन लिटर दुधाचं दही पंच्यात बांधलं आणि विहिरीवरच्या खुंटीला टांगलं. सकाळी दगडासारखा चक्का. साखर घालून पुरणयंत्रातून काढला, झालं क्रीम. जरा आंबट, पण खालचा केक गोड, वर पाक गोड, तेव्हा तेवढा आंबटपणा हवाच होता. आणि मुख्य म्हणजे दुपारच्या उन्हात तो जागचा हलला नाही.

आता रंग. केक पूर्ण निवल्यावर विणकामाच्या सुईने बोटाबोटावर भोकं पाडली, तळाच्या जरा वरपर्यंत. आठातल्या खालच्या गोलात नुसता घट्ट आमरस. वरच्या गोलात कोकमाचा पाक. रातांब्याच्या साली आणि साखर बरणीत थर लावून उन्हात ठेवलं की जो लालभडक रस सुटतो तो. जाऊबाईंना मी फोनवर बजावलं होतं की जिरं आणि मीठ घालायच्या आधी माझी वाटी काढून ठेवा. त्या विसरल्या. मी गाळून घेतलं, पण जिऱ्याचा वास काही गाळला जात नाही.

शून्यात करवंदं. ती येईपर्यंत अर्धी पोटात गेली होती, कारण पोरं वाटेत ‘कोंबडा की कोंबडी’ खेळत बसली: करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हरणाऱ्याने पुढचं द्यायचं. मला फक्त कोंबडे हवे होते. ती बिया काढून साखरेत दहा मिनिटं उकळली, कुस्करून गाळली. वाइनसारखा रंग येतो. पाक भोकांत चमच्याने हळूहळू सोडायचा, एकदम ओतला तर नुसता वर तळं होऊन बसतो.

चक्क्याचा पातळ थर, त्यावर आंब्याच्या फोडी, कोकमाची रेघ, अर्धी करवंदं. तिन्ही केक परातीत ठेवले आणि ती परात पाण्याने भरलेल्या दुसऱ्या मोठ्या परातीत. कोकणातल्या मुंग्यांना आमंत्रण लागत नाही.

औक्षण झालं. आप्पांनी सुरी हातात घेतली आणि विचारलं, "वडीसारखा चौकोनी कापू का?" कापला. आतून पिवळ्यावर लाल उभ्या रेघा निघाल्या, भाची किंचाळली. करवंदाच्या गोलात रेघा जांभळ्या. आमरसाच्या गोलात रेघा दिसल्याच नाहीत, पिवळ्यात पिवळं कसं दिसणार, हे मला तीन शनिवारांत सुचलं नव्हतं.

आप्पांनी तिन्हींचे तुकडे खाल्ले आणि वरच्या गोलाकडे बोट दाखवलं. "यातला आणखी दे. यात पाचक घातलंयस ना? बरं वाटतं." जाऊबाई माझ्याकडे न बघता पाणी आणायला आत गेल्या. आजी म्हणाल्या की आठवडाभर आधीच ऐंशी झाली म्हणजे हे आता एक्याऐंशीत चालतायत, औषधं वेळेवर घ्या. आप्पा म्हणाले, अजून १ जून कुठे आलाय.

१ जूनला सकाळी डोंबिवलीत मी ऑफिसला निघत होते. जाऊबाईंचा फोन आला. आप्पा बरे आहेत, पाऊस अजून नाही, कोकमाची बरणी माझ्यासाठी चिपळूणच्या एकांबरोबर पाठवतायत. मग म्हणाल्या, "आणि ती वाळू गं? शेंगदाणे भाजायला घेऊ, की ठेवू?"

"ठेवा," मी म्हटलं.

"मला वाटलंच. डब्यात भरून माळ्यावर टाकलीय."